हेल्मेट नाही तर उपचार नाहीत म्हणे! सरकारने नेमकं कुठवर यायचं?

नियमबाह्य
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल एका काकांनी फॉरवर्ड टाकला. मजकूर असा: हेल्मेट न घालता अपघात झाला तर त्या माणसाला सरकारी दवाखान्यात उपचार देऊ नयेत, विम्याचा दावा फेटाळावा आणि गाडी जप्त करावी. खाली अंगठ्यांची रांग. तिथे उत्तर दिलं असतं तर टँकरच्या बिलाचा विषय मागे पडतो म्हणून सचिवांनी उडवलं असतं. म्हणून इथे लिहितोय, जरा लांबेल.

आधीच सांगतो, मी हेल्मेट घालतो. माझं भांडण सक्तीशी आहे. सिग्नल तोडला, पिऊन गाडी चालवली, उलट्या बाजूने घुसलो, तर दुसऱ्याचा जीव जातो. तिथे हवा तेवढा दंड करा, आत टाका. हेल्मेट नसलं तर माझं डोकं फुटतं, समोरच्या रिक्षावाल्याला खरचटतही नाही. तरीही १९८८च्या मोटार वाहन कायद्यात कलम १२९ आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर १००० रुपये दंड आणि वर तीन महिने लायसन्स बंद. घरोघरी जेवणाचे डबे पोचवणाऱ्या पोराने हे तीन महिने काय करायचं?

त्याच कलमात पगडी बांधणाऱ्या शिखांना सूट आहे. ती असावीच. पण मग सरकारनेच मान्य केलं ना, की एखाद्या माणसाला डोक्याच्या सुरक्षिततेपेक्षा मोठं काहीतरी असू शकतं, आणि ते काय हे तो माणूस ठरवतो? मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?

आणि उपचार नाकारा म्हणजे काय? चकमकीत गोळी लागलेल्या दरोडेखोरालाही पोलीस आधी दवाखान्यात नेतात. काकांच्या हिशेबी बोडक्याने दूध आणायला गेलेला माणूस त्याहून वाईट.

टांगापल्टी
गाव सांगितलं नाहीत तरी कळलं. २०१९च्या जानेवारीत हेल्मेटची अंत्ययात्रा काढणाऱ्या पुण्याचे तुम्ही. खांदा दिला होतात का?

नियमबाह्य
गेलो होतो, मागे होतो. पुढचं बोला.

रात्रपाळी
मी न्यूरोच्या आयसीयूत सिस्टर आहे. "माझंच डोकं फुटतं" हे वाक्य एकदा रात्री दोन वाजता बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकोसमोर येऊन म्हणा. मी शेजारी उभी राहते.

तुम्हाला वाटतं माणूस पटकन मरतो आणि विषय संपतो. मरत नाहीत हो सगळे. कित्येक जगतात. गळ्याला भोक पाडून नळी, नाकातून नळी, लघवीची नळी, अशा अवस्थेत घरी जातात. मग आई दर दोन तासांनी कूस बदलते, बायको नोकरी सोडते, पोरगी शाळा. तिशीतला एकजण आमच्याकडे होता, घरापासून चौकापर्यंतच जायचं म्हणून हेल्मेट हँडलला लटकवलेलं. ते हेल्मेट नातेवाइकांनी आणून दिलं, त्याच्यावर ओरखडा नव्हता. व्हेंटिलेटर त्याला लावला तेव्हा सर्पदंशाची एक बाई खाली कॅज्युअल्टीत वाट बघत होती. तुमचं डोकं तुमचं, आणि व्हेंटिलेटर कोणाचा?

उपचार नाकारा म्हणणारे ते काका मूर्ख आहेत, हे लिहून घ्या. पण त्यांच्या आडून तुम्ही स्वतःचा मुद्दा शहाणा करून घेऊ नका.

नियमबाह्य
सिस्टर, तुम्ही बघता ते मी बघत नाही, त्याबद्दल वाद नाही. पण खाटेचा हिशेब एकदा सुरू केला की तो हेल्मेटपाशी का थांबावा? डायलिसिसच्या खाटा मधुमेहवाल्यांनी भरल्यात. श्रीखंडावर चलान फाडायचं का? "खर्च आम्ही करतो म्हणजे शरीर आमचं" हे सरकारला एकदा मान्य केलंत की उद्या ते ताटात डोकावणार.

घाटाखालचा
आधी खड्डे बुजवा!! माझी बायको मागे बसली होती, दोघांनाही हेल्मेट, आयएसआय मार्कवालं. पावसात खड्डा दिसला नाही, आपटलो. तिचं मनगट मोडलं, प्लेट टाकावी लागली. माहिती अधिकारात विचारलं रस्ता कोणाचा. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे अर्ज वर्ग केला, दुसऱ्याने परत पहिल्याकडे. दंड कोणाला झाला? कोणालाच नाही. आणि महिन्याभरात मलाच चलान, नंबरप्लेट नीट दिसत नाही म्हणून. खड्ड्यात वाकली होती ती!

टांगापल्टी
खड्डे आले. आता पार्किंग आणि पीएमपी आली की बैठक पूर्ण.

ओसरीवर
नियमबाह्य यांच्याशी सहमत. सरकारला काळजीच्या नावाखाली एकदा घरात घेतलं की ते बाहेर जात नाही. पुण्याने १८९७ पाहिलंय. प्लेगच्या नावाने रँडचे सोजीर माजघरात घुसले, सामान रस्त्यावर फेकलं, बायकांची तपासणी उघड्यावर. त्याच वर्षी केलेला साथरोग कायदा मार्च २०२०मध्ये पुन्हा बाहेर काढला, तोच, सव्वाशे वर्षं जुना. माझे वडील साताऱ्याला गेले तेव्हा माझा ई-पास ऑनलाइन "प्रलंबित" होता. नाक्यावर हवालदाराला मोबाईलवर फोटो दाखवला. तो म्हणाला, साहेबांना विचारतो. साहेब जेवायला गेले होते. पोचलो तेव्हा चिता विझली होती. त्याच आठवड्यात कोणाकोणाच्या गाड्या पास असल्या-नसल्याची चौकशीही न होता पुढे गेल्या हे आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं.

सनदवाला
वडिलांचं वाईट वाटलं. पण तुमच्या उदाहरणाने मूळ धाग्याचा पायाच उखडतो. कसोटी काय होती? दुसऱ्याचा जीव धोक्यात असेल तर सरकारने हात घालावा. प्लेग आणि करोना दुसऱ्यालाच होतात. मग नियमबाह्य यांच्या कसोटीने रँडही बरोबर ठरतो आणि तुमचा ई-पासही.

ओसरीवर
रँडची वकिली करणारा पुण्यात पहिल्यांदाच भेटला. चापेकर चौकात उभं राहून बोलून बघा.

सनदवाला
वकिली नाही करत. हेतू बरोबर असूनही पद्धत राक्षसी असू शकते, एवढंच म्हणतोय. तुम्हाला नडला तो साथीचा नियम नाही, जेवायला गेलेला साहेब नडला.

नियमबाह्य
कायदा कागदावर राहत नाही, तो नेहमी जेवायला गेलेल्या साहेबांच्याच हातात असतो. म्हणूनच तो कमीत कमी असावा. आज डोकं, उद्या म्हणतील दारू पिऊ नकोस, तुझ्या लिव्हरसाठी.

परमिटरूम
उद्या? साहेब, ते १९४९लाच म्हणून झालंय. मोरारजींच्या काळचा मुंबई दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, फक्त नावात मुंबईचं महाराष्ट्र झालं. कागदोपत्री आपण सगळे दारूबंदीच्या राज्यात राहतो आणि परवान्यावर पितो. एका दिवसाचं परमिट ५ रुपये, वर्षाचं १००, आजन्म १०००. तब्येतीच्या रक्षणासाठी प्यायला परवानगी, असा मजकूर. मी आजन्म काढून लॅमिनेट केलंय, पाहुण्यांना दाखवतो. बिअरला वय २१, कडक दारूला २५. आमदार व्हायलाही २५च. म्हणजे जो पोरगा अठराव्या वर्षी सरकार निवडतो, त्याला पेग घेण्याइतकी अक्कल यायला आणखी सात वर्षं लागतात. आणि या सगळ्याने एक तरी माणूस कमी प्यायला का? गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे. टपरीवर मागून बघा, कोणत्या कंपनीचा हवा म्हणून विचारतील.

झाडीपट्टी
तुमचं लॅमिनेट वाचून हसू आलं, मग राग आला. मी चंद्रपूर जिल्ह्यातली. २०१०च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर बाया पायी गेल्या, त्यात माझी आई होती. टाचा फुटल्या होत्या तिच्या. कोणत्या पार्टीने नेलं नव्हतं तिला. घरी धान कापून आलेली मजुरी आठवडी बाजाराच्या दिवशी रस्त्यातच संपत होती म्हणून गेली.

१ एप्रिल २०१५ला जिल्ह्यात दारूबंदी लागली. पहिली दोनेक वर्षं आमच्या मोहल्ल्यात रात्रीचा आवाज बंद झाला. माझ्या मावशीने त्या काळात शिलाई मशीन घेतली. पुढे यवतमाळकडून, तेलंगणातून माल येऊ लागला, शाळेतली पोरं दप्तरात पव्वे नेत. हाव, हे खरं आहे, मी डोळ्याने पाहिलं. मग २०२१ला बंदी उठवली, काय तं म्हणे फसली. चोऱ्या होतात म्हणून चोरीचा कायदा उठवता काय?

हेल्मेटवाल्या भाऊंनी सांगावं. पिणाऱ्याचं स्वातंत्र्य मोजता, तं माझ्या मावशीचं काहून मोजत नाही?

परमिटरूम
ताई, मारणं हा गुन्हा आहेच. घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५चा आहे. मारणाऱ्याला धरा. माझ्यासारखा माणूस शनिवारी दोन पेग घेऊन भावगीतं लावून झोपतो, त्याने तुमच्या मावशीचं काय केलं? आणि बंदी आली की विषारी दारू येते, बिहारात बघा काय चाललंय.

झाडीपट्टी
धरायला कोण येते? ठाणे दूर, रात्री गाडी नाही, आणि सकाळी तोच माणूस रडत पाया पडते. विषारी दारूचं म्हणाल तं २०१५ला मालवणीत शंभरावर माणसं मेली. मुंबईत बंदी होती काय?

परमिटरूम
बरं. मालवणी मान्य. स्वस्त म्हणून गेली ती माणसं, बंदी म्हणून नाही. पण एवढ्यावरून बिहार बरोबर ठरत नाही.

नियमबाह्य
झाडीपट्टी यांचा मुद्दा मला पटतो. आडवी बाटलीची पद्धत, म्हणजे दारूच्या दुकानावर बायकांचं मतदान, तर मला फारच रास्त वाटते. मत देणाऱ्यांच्या निम्म्या नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान बंद. किती आमदार एवढ्या मतांनी निवडून येतात?

रात्रपाळी
एक मिनिट. हेल्मेटला विरोध, आणि बाटली आडवी झालेली चालेल? तुमचं स्वातंत्र्य फक्त गळ्याच्या वर आहे का? माझ्यापुरतं विचाराल तर सुट्टीच्या दिवशी मी वाइन घेते, सासूबाईंनाही माहीत आहे, आणि त्यात कोणत्याही सरकारने किंवा मोहल्ल्याने लुडबुड करू नये.

टांगापल्टी
सिस्टरांचं बरोबर उलटं आहे मग. डोकं सरकारजमा, लिव्हर खासगी मालकीचं. दोघांनी अर्धा अर्धा माणूस वाटून घ्या.

नियमबाह्य
टिंगल करा, पण फरक बघा. आडवी बाटली झाली की त्या दुकानाचा परवाना जातो. दुसऱ्या गावातून आणून घरी प्यायला ती अडवत नाही. जिल्हाभर बंदीत मात्र पिशवीत बाटली सापडली तरी गुन्हा. धंदा बंद करणं आणि माणसाची झडती घेणं, दोन्ही सारखं धरताय तुम्ही.

सनदवाला
हा फरक कोर्टालाही ठाऊक आहे. गोवंशाचं आठवा. मे २०१६मध्ये उच्च न्यायालयाने राज्यातली कत्तलबंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कायदेशीर कापलेलं मांस नुसतं जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं ५ड कलम रद्द केलं. कारण दिलं खासगीपणाचं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. मी रेषा अशी ओढेन: रस्ता सार्वजनिक, लायसन्स सरकारने दिलेलं, तिथे अट घालायचा अधिकार सरकारला आहे. हेल्मेट त्यात बसतं. उंबरठ्याच्या आत काय खातो, काय पितो, तिथे नाही.

घाटाखालचा
रस्ता सरकारचा हे आत्ता कबूल झालं. माझ्या अर्जाला जोडतो हा प्रतिसाद.

झाडीपट्टी
वकीलसाहेब, तुमची रेषा छान आहे. पण माझ्या मावशीला मार उंबरठ्याच्या आतच बसत होता. रस्त्यावर नाही.

सनदवाला
मारहाणीला उंबरठ्याचं संरक्षण नाही. कायद्याने नाहीच. पिण्याला आहे, असं म्हणतोय.

झाडीपट्टी
कायद्याने नाही, बरं. तिच्या घरी दोन्ही एकाच दाराने येत होते. तुम्ही एकाला थांबवा म्हणता, दुसऱ्याला येऊ द्या. मावशीने ते वेगळे कसे करायचे, ते लिहा.

नियमबाह्य
याला माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. सनदवाल्यांकडेही दिसत नाही. हेल्मेटवर मात्र मी हटणार नाही. फार तर दंड ठेवा, पण तीन महिने लायसन्स बंद हे काढा. पोट मारून डोकं वाचवू नका.

रात्रपाळी
"फार तर दंड ठेवा"! अंत्ययात्रेत चाललेला माणूस इथपर्यंत आला, धन्य. लायसन्सचं मला पटलं, गरिबाच्या पोराचीच गाडी थांबते. बाकी शून्य.

परमिटरूम
माझंही ऐका, मग जातो. गावाला नको असेल तर दुकान नसावं, ठीक. पण बंदीच्या काळात मी तुमच्या जिल्ह्यात लग्नाला आलो होतो. डिकीत दोन बाटल्या, सीलबंद, आजन्म परमिट खिशात. चार तास ठाण्यात बसवलं, वरात निघून गेली. सुटताना एकच बाटली परत मिळाली. दुसरीचा पंचनामा कुठेच नाही.

झाडीपट्टी
बंदी असलेल्या जिल्ह्यात लग्नाला बाटल्या घेऊन येणारे पाहुणे कोण असतात, असं आमची आई नेहमी विचारायची. सांगते तिला, सापडले म्हणून.