ओव्हनमधील फ्रेंच फ्राइज कुरकुरीत का राहत नाहीत?

माहीमकरीण:

सर्वांना नमस्कार. आमच्याकडे २४ लिटरचा ओटीजी आहे. त्यात वर-खाली कॉइल आहेत, पंखा मात्र नाही. मुलांना फ्राइज फार आवडतात आणि दर वेळी कढईभर तेल तापवण्याची माझी इच्छा नसते, म्हणून ते ओव्हनमध्ये करण्याचा प्रयत्न चालू आहे. दुकानातून आणलेल्या गोठवलेल्या पाकिटातील फ्राइज याच ओव्हनमध्ये उत्तम होतात. परंतु घरचे बटाटे कापून, त्यांना तेल, मीठ आणि मसाला चोळून तेवढ्याच तापमानावर ठेवले की टोके करपतात, मधला भाग मऊ पडतो, तिखट कडवट लागते आणि ट्रेमधून ताटात येईपर्यंत सारेच नरम होते. बटाटे आधी उकडून घ्यावेत की नुसते पाण्यात भिजवावेत, कॉर्नफ्लोअर लावावे की नाही, आणि मसाला नेमका केव्हा घालावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. सध्याच्या पावसाळी हवेचा यात कितपत वाटा आहे, हेही जाणून घ्यायला आवडेल.

पोळपाट:

माहीमकरीणताई, पाकिटातील फ्राइजशी तुलना करून आपण स्वतःवर थोडा अन्याय करत आहात. ते फ्राइज कारखान्यातच गरम पाण्यातून काढलेले, वाळवलेले, तेलात अर्धवट तळलेले आणि मग गोठवलेले असतात. आपला ओव्हन त्यांना केवळ शेवटचा हात देतो. कच्च्या बटाट्याच्या बाबतीत ही सगळी कामे आपल्यालाच करायची असतात, आणि तीही तेलापेक्षा फार सावकाश उष्णता पोहोचवणाऱ्या गरम हवेच्या भरवशावर. बटाट्यात साधारण ८० टक्के पाणी असते. पृष्ठभागावरचे पाणी उडून जात नाही तोवर तिथले तापमान १०० अंशांच्या वर फारसे चढत नाही, आणि तांबूस रंग व खमंगपणा आणणाऱ्या प्रक्रियेला वेग येण्यासाठी साधारण १४० अंश तरी लागतात. त्यामुळे कुरकुरीतपणाचा सारा प्रश्न हे पाणी ओव्हनमध्ये जाण्यापूर्वी आणि ओव्हनमध्ये असताना कसे घालवायचे, एवढाच आहे.

माझे मत विचाराल तर नुसते भिजवणे पुरेसे नाही. अर्धवट उकडणे आवश्यक आहे. बटाटे सोलून साधारण एक सेंटीमीटर जाडीच्या, शक्यतो सारख्या आकाराच्या फोडी कराव्यात, कारण निमुळती टोके नेहमीच आधी करपतात. पाणी गढूळ येणे थांबेपर्यंत फोडी धुवाव्यात आणि अर्धा तास गार पाण्यात ठेवाव्यात. त्यामुळे वरचा मोकळा स्टार्च आणि थोडी साखर निघून जाते. मग एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा पांढरे व्हिनेगर आणि एक लहान चमचा मीठ घालून उकळी आणावी, फोडी सोडाव्यात आणि पुन्हा उकळी फुटल्यावर सहा-सात मिनिटे ठेवाव्यात. बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन आंबट पाण्यात लवकर विरघळत नाही, म्हणून फोडी आतून शिजतात पण तुटत नाहीत. काही पाककृतींत याच टप्प्यावर खाण्याचा सोडा सांगितलेला आढळतो. सोड्याने पेक्टिन सुटते आणि पृष्ठभाग खरबरीत होतो, जे मोठ्या भाजलेल्या फोडींसाठी उत्तम असते. बारीक फ्राइजचा मात्र त्याने लगदा होण्याचाच संभव अधिक. सुरीचे टोक सहज आत जावे, पण उचललेली फोड वाकून मोडू नये, इतपत शिजणे योग्य.

यानंतरचा टप्पा बहुतेक जण घाईने उरकतात, आणि पावसाळ्याचा संबंध इथेच येतो. चाळणीत निथळलेल्या फोडी स्वच्छ सुती पंचावर एकेक सुट्या पसराव्यात आणि पंख्याखाली किमान दहा मिनिटे ठेवाव्यात, म्हणजे गरम फोडींमधून वाफ निघून जाते. मुंबईच्या जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत ही वाफ लवकर हटत नाही, म्हणून वेळ दुप्पट द्यावा आणि वरूनही पंचाने टिपून घ्यावे. हात लावल्यावर फोडी कोरड्या आणि किंचित पिठूळ लागल्या पाहिजेत. अर्ध्या किलोला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर आधी भुरभुरावे आणि मग दीड मोठा चमचा शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल घालून अलगद हलवावे. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरे, मऊसूत. भाकरीसाठीचे पिवळे मक्याचे पीठ इथे घेऊ नये. मीठ आणि मसाला या वेळी अजिबात नको, कारण मीठ बटाट्यातील पाणी पुन्हा बाहेर ओढते.

ओव्हन वर-खाली दोन्ही कॉइल चालू ठेवून, रिकामा ट्रे आत ठेवूनच, २३० अंशांवर १५ मिनिटे तापवावा. तापलेल्या काळ्या ट्रेवर पडताच फोडींचा तळ लगेच कोरडा होऊ लागतो. चकचकीत ॲल्युमिनियमच्या ट्रेवर हेच काम बरेच मंद चालते. दोन फोडींत बोटभर जागा हवी. आपल्या ओटीजीच्या ट्रेवर एका वेळी सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅमपेक्षा जास्त बटाटा सुटसुटीत बसणार नाही, आणि अर्धा किलो कोंबला तर फोडी भाजण्याऐवजी एकमेकींच्या वाफेत शिजत राहतील. १५ मिनिटांनी दार पूर्ण उघडून कोंडलेली वाफ जाऊ द्यावी, फोडी उलटाव्यात आणि आणखी दहा-बारा मिनिटे द्यावीत. रंग सोनेरी असावा, तपकिरी नको. बटाट्यासारखे पदार्थ १२० अंशांच्या वर भाजताना किंवा तळताना अ‍ॅक्रिलामाइड नावाचे घातक मानले जाणारे द्रव्य तयार होते, हे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवून दिले, आणि रंग जितका गडद तितके ते अधिक.

जाता जाता एक सूचना: ओटीजी १५०० वॅटचा किंवा अधिक असेल तर तो १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावावा. जुन्या इमारतींतील स्वयंपाकघरांत बहुतेक सॉकेट सहा अँपिअरचे असतात आणि एक्स्टेंशनवर ओव्हन चालवणे धोक्याचे आहे.

वाशीवाला:

वरील पद्धतीशी मी सहमत आहे, पण बटाटाच चुकीचा असेल तर एवढी मेहनत करूनही हवा तसा परिणाम मिळणार नाही. आमच्या घरचा व्यापार कांदा-बटाट्याचा असल्याने हे थोडे विस्ताराने लिहितो.

उत्तर भारतातील बटाटा जानेवारी ते मार्चच्या सुमारास निघतो आणि पुढे कित्येक महिने शीतगृहात राहतो. भाजीच्या बटाट्याची शीतगृहे दोन ते चार अंशांवर चालतात. त्या थंडीत बटाट्यातील स्टार्चची साखर होऊ लागते. असा बटाटा भाजीत किंचित गोड लागतो एवढेच, पण ओव्हनमध्ये तो आत शिजण्यापूर्वीच बाहेरून काळपट होतो. ताईंच्या फ्राइजची टोके करपण्यामागे हेही एक कारण असू शकते. वेफर्सवाल्यांसाठी वेगळा माल १० ते १२ अंशांवर ठेवतात आणि बाजारात तो शुगर-फ्री बटाटा म्हणून ओळखला जातो. आपल्या भाजीवाल्याला सांगून ठेवल्यास तो वाशीच्या मार्केटमधून आणून देऊ शकेल; दर थोडा जास्त पडतो. याच कारणासाठी फ्राइजचे बटाटे घरच्या फ्रिजमध्येही ठेवू नयेत. अंधाऱ्या, हवेशीर टोपलीत ठेवावेत.

अंगठ्याने घासताच साल निघणारा नवा बटाटा फ्राइजसाठी टाळावा, कारण त्यात पाणी जास्त असते. साल घट्ट बसलेला, जड लागणारा, लांबट जुना बटाटा घ्यावा. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने प्रक्रिया उद्योगासाठी कुफरी चिप्सोना आणि फ्राइजसाठी कुफरी फ्रायसोना असे वाण काढले आहेत आणि त्यांत घन भाग २० टक्क्यांच्या वर असतो, परंतु नाक्यावरच्या गाडीवर वाणाचे नाव विचारून उपयोग होत नाही. त्याऐवजी घरी एक चाचणी करता येते. अर्धी वाटी मीठ साडेपाच वाट्या पाण्यात विरघळवून त्यात बटाटा सोडावा. बुडाला तर तो पिठूळ, म्हणजे फ्राइजच्या कामाचा, आणि तरंगला तर रस्साभाजीसाठी ठेवावा.

गिरणगावचा खवय्या:

बटाट्याचे शास्त्र वाचून समाधान झाले. आता मसाल्याकडे वळतो, कारण ताईंच्या प्रश्नातील कडवटपणाचे उत्तर त्यातच आहे. लाल तिखट, लसणाची पूड आणि पाकिटातील पेरी-पेरी मसाला २२०-२३० अंशांवर २५ मिनिटे टिकूच शकत नाहीत. पेरी-पेरीच्या अनेक पाकिटांत तर साखरही असते, जी सर्वांत आधी जळते. मसाला नेहमी फ्राइज ओव्हनमधून बाहेर काढल्यावर पहिल्या मिनिटाभरात, वरचे तेल ओलसर असतानाच, मोठ्या परातीत घालून उधळत लावावा. मीठ मिक्सरमधून काढून पिठासारखे बारीक करून ठेवल्यास ते निम्म्यानेच पुरते आणि सगळीकडे सारखे बसते.

माझी आवड म्हणाल तर विकतच्या मसाल्यापेक्षा वडापावची सुकी लाल चटणी अधिक चांगली. सुके खोबरे, लसूण, तीळ आणि काश्मिरी मिरची वेगवेगळे मंद भाजून चटणी नेहमीपेक्षा बारीक वाटावी, नाहीतर ती परातीच्या तळाशीच उरते. दुसरा पर्याय म्हणजे आमचूर, काळे मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि थोडी मिरपूड. चाट मसाला वापरल्यास वेगळे मीठ घालण्यापूर्वी चाखून पाहावे, कारण त्यात मीठ भरपूर असते. लिंबू मात्र वरून पिळू नये. आंबटपणासाठी आमचूर असताना कष्टाने कोरड्या केलेल्या फ्राइजवर पुन्हा पाणी ओतण्यात काय अर्थ आहे?

कॉर्नफ्लोअरबद्दल पोळपाट यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. तांदळाची बारीक पिठी लावल्यास थर किंचित रवाळ आणि अधिक कडक होतो, आणि आपल्या दमट हवेत तो जास्त वेळ टिकतो, असे माझे निरीक्षण आहे.

माहीमकरीण:

इतक्या तपशीलवार उत्तरांबद्दल सर्वांचे मनापासून आभार. मिठाच्या पाण्याची चाचणी आजच केली आणि घरातील बहुतेक बटाटे तरंगले, त्यामुळे आज रस्साभाजीच आहे. आता दोन शंका उरतात. एकादशीला सासूबाईंसाठी हेच फ्राइज करायचे झाल्यास कॉर्नफ्लोअर आणि व्हिनेगर दोन्ही चालणार नाहीत, तर त्याऐवजी काय घ्यावे? आणि रविवारी पाहुणे येणार असताना एवढी सगळी तयारी आदल्या दिवशी करून ठेवता येईल का?

पोळपाट:

उपवासासाठी व्हिनेगरऐवजी तेवढाच लिंबाचा रस उकळत्या पाण्यात घालावा. आंबटपणाचे काम तोही तितकेच चांगले करतो. कॉर्नफ्लोअरच्या जागी शिंगाड्याचे पीठ आणि वरून सैंधव, जिरेपूड व सासूबाईंना चालत असल्यास लाल तिखट घ्यावे. शिंगाड्याच्या पिठाचा रंग लवकर गडद होतो, म्हणून ओव्हन २१० अंशांवर ठेवून वेळ चार-पाच मिनिटांनी वाढवावा. खवय्यांच्या तांदळाच्या पिठीला माझा विरोध नाही, फक्त एकादशीला तीही बाद होते.

आदल्या दिवशीची तयारी अवश्य करावी. किंबहुना फ्राइज तशाने अधिक चांगले होतात. उकडून, वाळवून, पीठ आणि तेल लावलेल्या फोडी २०० अंशांवर केवळ १२ मिनिटे, रंग येण्यापूर्वी काढून घ्याव्यात, जाळीवर पूर्ण गार कराव्यात आणि ताटात सुट्या मांडून फ्रीझरमध्ये कडक झाल्या की पिशवीत भराव्यात. गोठताना तयार होणारे बर्फाचे स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात, त्यामुळे पुढच्या भाजण्यात आतले पाणी लवकर निघून जाते. कच्च्या फोडी मात्र कधीही गोठवू नयेत, त्या काळ्या पडतात. खाण्याच्या वेळी फोडी वितळू न देता थेट २३० अंशांवर, तापलेल्या ट्रेवर, १८ ते २० मिनिटे भाजाव्यात. पाहुणे जास्त असतील तर पहिला घाणा जाळीवर ठेवून, ओव्हन १०० अंशांवर आणि दार किंचित उघडे ठेवून, दुसरा तयार होईपर्यंत थोपवता येईल असे वाटेल, पण एकच ओव्हन असताना ते जमत नाही. त्यामुळे पहिला घाणा मुलांना वाढून टाकावा आणि डब्यात झाकून तर मुळीच ठेवू नये.