रावळपिंडीचे होली फॅमिली रुग्णालय : एक शंका

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : हे रुग्णालय कॅथलिक धर्मभगिनींनी का उभारले, हे कृपया कोणी सांगावे.

उत्तर : पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेत नसत आणि कित्येकींचा बाळंतपणात बळी जाई, हे ऑस्ट्रियन डॉक्टर ॲना डेंगेल यांनी तेथे काम करताना पाहिले होते; म्हणून त्यांनी १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ स्थापन केला आणि १९२७ मध्ये हे रुग्णालय सुरू झाले.

उत्तर (वाशी) : थोडी भर घालतो. चर्चच्या नियमांनुसार व्रतस्थ भगिनींना प्रसूतिसेवेची मनाई होती. ती १९३६ मध्ये उठेपर्यंत, म्हणजे तब्बल अकरा वर्षे, या डॉक्टर-परिचारिकांना धर्मभगिनींची जाहीर व्रते घेता आली नाहीत. मला तरी हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. दिल्लीचे होली फॅमिलीही यांचेच का?

उत्तर (वाशी) : होय, तेही याच संघाने १९५३ मध्ये सुरू केले.