एलएलबी नसली तरी चालतं

पीडित बायकांसोबत काम करायला वकिलीची पदवी लागतेच का, असं बरेचदा विचारलं जातं. नाही लागत. मुंबई पोलीस आयुक्तालयात १९८४ साली टिसने (टाटा समाजविज्ञान संस्थेने) महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो समाजकार्य शिकलेल्यांच्याच जोरावर.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा वाचून होतो. शिकायचं ते संरक्षण अधिकाऱ्याजवळ, म्हणजे या कायद्याखाली पीडितेला मदत करणाऱ्या अधिकाऱ्याजवळ बसून, कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे तिच्या छळाची नोंद करायचा फॉर्म, भरताना. मारहाणीचा रकाना लगेच भरतो, आर्थिक छळाचा कोराच राहतो. पगाराचं एटीएम कार्ड नवऱ्याकडे असणं हाही छळ, हे त्या बाईच्या मनातच येत नाही. मग विचारायचं, "ताई, दळणाला पैसे कुणाकडे मागता?" 'इतकी वर्षं का सोसलंत?' हे मात्र चुकूनही नको. ते विचारायला नातेवाईक आहेतच. आणि घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी याच कायद्याच्या कलम १७ नुसार तिला तिथे राहायचा हक्क आहे, हे पहिल्याच भेटीत सांगा.