प्रतिसाद: अमीर-इ-आखूर म्हणजे साधा मोतद्दार नव्हे
वरती विचारलंय की याकूत नुसता तबेल्याचा माणूस होता तर दिल्लीची सुलतान रझिया हिने त्याला अमीर-इ-आखूर केलं तेव्हा तुर्की अमीर, म्हणजे दरबारातले सरदार, एवढे का भडकले. अहो, अमीर-इ-आखूर म्हणजे सुलतानाच्या घोड्यांचा प्रमुख, आणि सगळी ताकद घोडदळावर, म्हणजे पद किती मोठं बघा, त्यात तो हबशी, तुर्कांना ही जागा आपलीच वाटायची. बल्बन या तुर्काचंच बघा ना, गुलाम म्हणून आला, अमीर-इ-शिकार म्हणजे शिकारीचा प्रमुख झाला, मग हेच अमीर-इ-आखूर, मग अमीर-इ-हाजिब, म्हणजे ज्याच्यामार्फतच सुलतानासमोर जाता यायचं तो, १२४९ला नायब म्हणजे सुलतानाचा प्रतिनिधी आणि १२६६ला थेट सुलतान! मला तर वजीरापेक्षा हाजिबच जास्त महत्त्वाचा वाटतो, दार त्याच्या हातात होतं.