कंपायलरला आउटपुटचा प्रकार ऑप्शनने सांगायचा की फाईलच्या नावाने?

कोथरूडचा_कोडर
ऑफिसातलं भांडण इथे आणतोय. टीममधल्या नव्या पोराने जीसीसीला (सीचा कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर) 'डॅश ओ फर्मवेअर.हेक्स' दिलं, हेक्स (चिपमध्ये भरायची फाईल) तयार झाली असं गृहीत धरलं आणि फाईल चाकणला टेस्ट बेंचवर पाठवून दिली. तिथल्या फ्लॅशिंग टूलने ती घेतलीच नाही. पहिले चार बाइट पाहिले तर ७एफ ४५ ४सी ४६, म्हणजे चक्क ईएलएफ (एक्झिक्युटेबल आणि ऑब्जेक्ट फाईलींचा फॉरमॅट). इंटेल हेक्स ही साधी टेक्स्ट फाईल असते, प्रत्येक ओळ कोलनने सुरू होते.

आता सगळे म्हणतात कंपायलर मूर्ख आहे. मला नाही पटत. डॅश ओ फक्त नाव ठरवतो. काय बनवायचं ते बाकीचे ऑप्शन ठरवतात: कॅपिटल ई दिला की प्रीप्रोसेसरपाशी (इन्क्लूड, मॅक्रो उलगडणारा पहिला टप्पा) थांबतो, कॅपिटल एसला असेंब्ली (मशीनच्या सूचना, पण वाचता येणाऱ्या मजकुरात), स्मॉल सीला ऑब्जेक्ट फाईल (अजून लिंक न केलेला मशीन कोड), यातलं काहीच नाही दिलं तर लिंक करून एक्झिक्युटेबल. हेक्स काढणं हे तर ऑब्जकॉपीचं, म्हणजे फॉरमॅट बदलणाऱ्या वेगळ्या टूलचं काम. डब्यावर 'साखर' लिहिलं म्हणून आतलं मीठ गोड होत नाही.

पेठेतला_पॉइंटर
वा, काय शिस्त! कॅपिटल एस म्हणजे असेंब्ली आणि स्मॉल एस म्हणजे सिम्बॉल टेबल (फंक्शन, व्हेरिएबल यांच्या नावांची यादी) काढून टाकलेलं एक्झिक्युटेबल. शिफ्ट नीट दाबली गेली नाही की मेन.एस नावाखाली बायनरी तयार, आणि जीसीसी चकार शब्द काढत नाही. वर जीसीसीत कॅपिटल ओ म्हणजे ऑप्टिमायझेशन, ऑब्जकॉपीत तोच कॅपिटल ओ म्हणजे आउटपुटचा फॉरमॅट. एकाच मेकफाईलमध्ये (बिल्डच्या कमांडची फाईल) लागोपाठच्या दोन ओळींत दोन अर्थ. पोराने डोकं कुठे आपटायचं?

डॉक्युमेंटचा फॉरमॅट बदलणारं पँडॉक बघा. रिपोर्ट.डॉक्एक्स म्हटलं की डॉक्एक्स मिळते. व्हिडिओचं एफएफएमपेग नावावरून कंटेनर, म्हणजे व्हिडिओ फाईलचा प्रकार ओळखतं. माणूस नाव लिहितो तेव्हा त्याला काय हवंय ते त्याने सांगितलेलंच असतं.

कोथरूडचा_कोडर
पँडॉकलाही फॉरमॅट सांगणारा स्मॉल टी लागतोच की, नाव नसेल आणि एचटीएमएल सोडून दुसरं काही हवं असेल तेव्हा. मी रोज असेंब्ली बघतो ती अशी: कॅपिटल एस, डॅश ओ, आणि नावाच्या जागी नुसता डॅश. सगळं स्क्रीनवर येतं, तिथून ग्रेपमध्ये (हव्या त्या ओळी शोधणारी कमांड). फाईलच नाही, तर एक्स्टेन्शन कुठून आणू?

हेक्सवाला_भोसरी
एम्बेडेडमधून, म्हणजे यंत्रांतल्या चिपच्या प्रोग्रॅमिंगमधून बोलतो. एक्स्टेन्शनवर विश्वास ठेवायचा काळ आमच्याकडे कधीच नव्हता. डॉट ईएलएफ, डॉट एएक्सएफ, डॉट आउट, नावं तीन आणि आत बहुतेकदा एकच ईएलएफ. लिनक्सवर तर अजूनही नाव दिलं नाही की ए.आउट तयार होते, पण ए.आउट हा फॉरमॅट कधीच मागे पडला; कर्नलमधून त्याचा सपोर्ट २०२२ मध्ये काढूनही टाकला. नावावरून ठरवायचं असतं तर जीसीसीने आजही तो मेलेला फॉरमॅट बनवला असता.

आणि डॉट बिनचं काय? कच्च्या बायनरीत पत्ताच नसतो, कुठल्या ॲड्रेसवर टाकायची ते फ्लॅश करणाऱ्याला वेगळं सांगावं लागतं. असली गोष्ट कुणीतरी मुद्दाम मागितलेलीच बरी.

पेठेतला_पॉइंटर
बरं, मग इनपुटचं काय हो? डॉट सी दिसलं की सी, डॉट सीपीपी दिसलं की सी प्लस प्लस. त्याहून कहर म्हणजे डॉट कॅपिटल एस असेल तर प्रीप्रोसेसर चालवतो, डॉट स्मॉल एस असेल तर नाही! स्टँडर्ड इनपुटवरून (फाईल न देता थेट) कोड दिला की मात्र डॅश एक्स लावून भाषा सांगा. म्हणजे आत घेताना नाव चालतं, बाहेर काढताना तत्त्व आठवतं. पुणेरी दुकानदार बरा, तो निदान दोन्ही वेळा सारखाच बोलतो.

लॅबवाल्या_मॅडम
दोघांचं ऐकलं. मी सेकंड इयरचं प्रॅक्टिकल घेते. मुलं आयडीईचं (कोड लिहून चालवायचं सॉफ्टवेअर) हिरवं बटण दाबून आलेली असतात, मध्ये प्रीप्रोसेस, कंपाइल, असेंबल, लिंक असे चार टप्पे असतात हेच माहीत नसतं. म्हणून मी आधी 'सेव्ह टेम्प्स', म्हणजे मधल्या फाईली ठेवायचा ऑप्शन द्यायला लावते. डॉट आय, डॉट एस, डॉट ओ, सगळ्या फाईली शेजारी शेजारी पडतात. तीन ओळींच्या प्रोग्रॅमची डॉट आय, म्हणजे प्रीप्रोसेसरमधून निघालेली फाईल, शेकडो ओळींची निघाली की वर्ग जागा होतो.

माझं म्हणणं एवढंच, ऑप्शन राहू द्या, पण नाव आणि आतला माल जुळत नसेल तर एक वॉर्निंग द्यायला काय जातं?

हेक्सवाला_भोसरी
मॅडम, आमच्याकडे प्रत्येक वॉर्निंगला एरर मानायचा नियम आहे. मेकफाईली मनाला येईल त्या नावाने टेम्पररी फाईली लिहितात. उद्या अशी वॉर्निंग आली तर अर्ध्या टीमचे बिल्ड सकाळी पडलेले असतील.

पेठेतला_पॉइंटर
मग निदान ऑप्शन तरी वाचता येतील असे ठेवा. रस्टच्या कंपायलरला 'डॅश डॅश एमिट' देऊन पुढे एएसएम, ओबीजे असं स्वल्पविराम देऊन लिहिता येतं. एका फटक्यात दोन्ही मिळतं आणि शिफ्टची भानगड नाही.

कोथरूडचा_कोडर
जीसीसीतही आहे. कॅपिटल एसच्या जागी 'डॅश डॅश असेंबल' लिहून बघा, चालतं. स्मॉल सीसाठी 'डॅश डॅश कंपाइल'.

लॅबवाल्या_मॅडम
आत्ता चालवून पाहिलं, खरंच चालतंय. पुढच्या बॅचच्या जर्नलमध्ये हेच लिहायला लावते.

पेठेतला_पॉइंटर
लावा. फक्त परीक्षक कॅपिटल एसच मागेल आणि अर्धा मार्क कापेल, हेही मुलांना आधी सांगून ठेवा.