शिडाचा कॅटमरान की मोटरबोट? माझं मत शिडालाच

शीडवाला:
बोट निवडताना हा प्रश्न हमखास येतो म्हणून मुद्दाम धागा काढतोय. समजा साधारण ४० फुटी बोट घ्यायची आहे आणि तिच्यावर आठवडेच्या आठवडे राहून फिरायचंय, तर मी डोळे मिटून शिडाचा कॅटमरान (दोन हलची, म्हणजे शेजारी शेजारी जोडलेल्या दोन सांगाड्यांची बोट) घेईन. कारण एकच, तुमचा पल्ला टाकीवर ठरत नाही. मोटरबोटीत डिझेलचा हिशोब सतत डोक्यात, एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि उरलेलं राखीव. डिझेल इंजिन एका लिटरमधे साधारण ४ किलोवॅट-तास काम देतं, आता २० नॉटने (म्हणजे ताशी २० सागरी मैल) पाण्यावर उचलून पळणारी बोट ३०० किलोवॅट ओढत असेल तर तासाला ७५ लिटर गेलेच. कॅनरी बेटं ते कॅरिबियन हे अंतर सुमारे २७०० सागरी मैल. या हिशोबाने १३५ तास आणि १० हजार लिटर डिझेल, म्हणजे साडेआठ टन, एवढं वजन ४० फुटी बोट वाहणार कशी? आणि शिडाच्या बोटी दरवर्षी पाठीमागून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यांवर हेच अंतर दोन-तीन आठवड्यांत पार करतात.

ट्रॉलरच_बरी:
ही तुलनाच पटली नाही. पळणारी बोट महासागरासाठी बनवलेलीच नसते, तिथे हळू चालणारी ट्रॉलर (मासेमारी बोटीच्या धाटणीची, राहायची मोटरबोट) घ्यायची. पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा वेग पाण्यातल्या लांबीवर ठरतो, फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, म्हणजे ३६ फुटांना ८ नॉट. लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनात बदलते, त्यामुळे ८ वरून ६ नॉटवर आलात की निम्म्याहून कमी ताकदीत काम भागतं. नॉर्डहॅवन ४० ही ४० फुटी मोटरबोट २००१-०२ मधे पृथ्वीप्रदक्षिणा करून आलीय, तेव्हा मोटरबोट लांब जात नाही हे म्हणू नका.
आणि मुळात महासागर ओलांडणारे किती? बहुतेकांना शनिवारी निघून रविवारी परत यायचं असतं. ४० मैलांवरचं बेट, मोटरबोटीने दोन तास. वारा नेमका समोरून आला तर तुमचा कॅटमरान वाऱ्याला ५५ अंशांच्या आसपासच चालणार, नागमोडी जात ४० चे ७० मैल होणार, ७ नॉटने दहा तास. मग सगळे काय करतात तर शीड गुंडाळून दोन्ही इंजिनं लावतात. इंजिनावरच जायचं तर डोलकाठी कशाला सांभाळायची?

शीडवाला:
नॉर्डहॅवनचं मान्य, ती बोट मस्तच आहे. पण ट्रॉलरला बहुतेक वेळा मुख्य इंजिन एकच असतं, आणि समुद्र खवळला की टाकीच्या तळाचा गाळ ढवळून फिल्टर चोक होतात, म्हणजे इंजिन बंद पडणार तेही नेमकं गरजेच्या वेळी. कॅटमरानला दोन इंजिनं, शिवाय शीड. समोरच्या वाऱ्यात निघायचं कशाला हो, मुक्काम एक दिवस वाढवा, वारा फिरतो. ज्याला सोमवारी कामावर हजर व्हायचंय त्याने मोटरबोट घ्यावी, त्यात काही चूक नाही, मी राहायच्या बोटीबद्दल बोलतोय.

नांगरपाणी:
तुम्ही दोघंही चालत्या बोटीबद्दल भांडताय, पण राहायची बोट म्हटलं तर बहुतेक वेळ नांगरावरच जातो ना. एका हलची मोटरबोट आडव्या लाटेत रात्रभर डोलते, जायरो स्टॅबिलायझर (डोलणं कमी करणारं फिरत्या चाकाचं यंत्र) बसवला तरी त्याला वीज लागते, म्हणजे जनरेटरची घरघर आलीच, ज्याला डोलण्याने मळमळतं त्याला विचारा ही रात्र कशी जाते. कॅटमरान रुंद असल्याने डोलत नाही, सव्वा मीटरच्या आसपास पाणी पुरतं त्यामुळे किनाऱ्याजवळ आडोशाला जाता येतं, आणि सोलर पॅनलला भरपूर जागा. फक्त सामान कमी ठेवावं लागतं, हे मात्र कोणी सांगत नाही. वजन वाढलं की दोन हलच्या मधला तळ पाण्याजवळ येतो आणि लाटा खालून असल्या आपटतात की झोप उडते. माझं मत तरी कॅटमरान.

सुकाणू:
सुरक्षिततेचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. जड कण्याची (तळाशी वजन असलेली) एका हलची शिडाची बोट वाऱ्याने कलते, कलणं हाच इशारा असतो आणि आडवी झाली तरी परत उठते. कॅटमरान कलतच नाही, जोर वाढतोय हे कळतच नाही, आणि एकदा उलटला की उलटाच तरंगत राहतो. त्यामुळे शीड कमी करायचं ते वाऱ्याचा आकडा बघून, तोही सरासरीचा नाही, झोताचा. नवीन माणसाला रात्री हे जमतं का? मोटरबोटीत ही भानगडच नाही.
खर्चाचंही बघा. डोलकाठीच्या तारा दहा-बारा वर्षांनी बदलाव्या लागतात, कित्येक विमा कंपन्या त्याशिवाय विमा देत नाहीत, शिडं उन्हाने सडतात. रुंदी २२ फूट, म्हणून मरीनात (बोटी लावायच्या धक्क्यावर) बऱ्याच ठिकाणी दीडपट-दुप्पट भाडं. आणि इंजिनं दोन आहेतच की, तेल-फिल्टर चुकत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या इंट्राकोस्टल जलमार्गावर बहुतेक स्थिर पूल ६५ फुटांचे, मोठ्या कॅटमरानची डोलकाठी तिथेच अडते.

नवखा_खलाशी:
मग पॉवर कॅटमरान का नको? दोन अरुंद हल, डोलणं कमी, डोलकाठी नाही, ७-८ नॉटला डिझेलही बेताचं.

शीडवाला:
किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणाऱ्याला छान पर्याय आहे, पण पल्ला पुन्हा टाकीवरच. सुकाणू, तुमचा झोताचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, फक्त त्यावर उपाय आहे. अंधार पडायच्या आधीच एक रीफ घेऊन, म्हणजे शिडाचा थोडा भाग गुंडाळून ठेवायचा, वेग एखादा नॉट कमी झाला तरी चालेल.

ट्रॉलरच_बरी:
एक प्रश्न राहिलाच. बहुतेक बोटींवर जोडपंच असतं. जो शिडं सांभाळतो तोच आजारी पडला तर दुसऱ्याला एकट्याने बोट धक्क्याला आणता येईल का?

शीडवाला:
येईल, पण शिकवलेलं असेल तरच. पुढचं शीड गुंडाळायचं, मोठं खाली सोडायचं आणि दोन इंजिनांवर यायचं, इंजिनं लांब लांब असल्याने बोट जागच्या जागी वळते. हे दोघांनीही आलटून पालटून करून बघायचं, वारा असताना.