आधी पंखे बदला, सौर पॅनेल नंतर. पटतंय का?

नाशिकचं_रोहाउस
आमच्या कॉलनीत हल्ली प्रत्येक गच्चीवर सौर पॅनेलवाले मापं घेताना दिसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली तेव्हापासून हे वाढलंय. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये अनुदान, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. योजना चांगलीच आहे. पण वापर न तपासता पॅनेल लावणं म्हणजे गळकी टाकी तशीच ठेवून मोठा पंप बसवणं.

आपल्याकडे घरगुती दर टप्प्यांनी चढतो: १०० युनिटपर्यंत, मग ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचे पैसे), १६ टक्के वीज शुल्क वगैरे धरून पहिल्या शंभरातला युनिट साधारण सात रुपयांना पडतो आणि त्याच्या लगेच पुढच्या टप्प्यातला बारा-तेरा रुपयांना. त्यामुळे वाचवलेला युनिट हा नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातला असतो.

आता पंखे बघा. जुना पंखा ७० ते ८० वॉट घेतो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) साधारण ३०. चार पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला ६५ युनिट वाचतात, म्हणजे पावणेआठशे रुपयांच्या आसपास. चार पंख्यांचे बारा हजार धरले आणि थंडीचे महिने वगळले, तरी दोन वर्षांत पैसे वसूल. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आत चालूच असतो. दहा वॉट धरा, महिन्याला सात युनिट झाले. भिंतीवरचं बटण बंद करायला एक पैसा लागत नाही.

महिना ३०० युनिट जाळणारं घर २०० वर आलं तर त्याला दोनच किलोवॉट पुरतात. ज्या तिसऱ्या किलोवॉटवर सरकार सगळ्यात कमी पैसे देतं, तो विकतच घ्यावा लागत नाही.

गच्चीवरून
आकडे बरोबर असले तरी निष्कर्ष मला मान्य नाही. वापर कमी होईल असं तुम्ही धरून चालताय, पण घराघरांत उलटं घडतंय. आज पंखे बदलाल, पुढच्या उन्हाळ्यात एसी येईल, मग मुलगी इलेक्ट्रिक स्कूटर घेईल. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. आज दोन बसवून चार वर्षांनी तिसरा वाढवायचा तर पुन्हा अर्ज, पुन्हा मंजुरी, इन्व्हर्टर लहान पडला तर तोही नवा. एकदाच तीन किलोवॉट बसवा आणि मोकळे व्हा. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतात, बटणं बंद करण्याचा उत्साह सहा महिने टिकतो.

नाशिकचं_रोहाउस
म्हणूनच मी बटणाआधी पंखा सांगितला. पंखा एकदा बदलला की उत्साहाचा प्रश्न उरत नाही.
आणि जास्तीची वीज फुकट साठत नाही. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे पॅनेलची वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करण्याच्या पद्धतीत, उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात हे खरं, पण ३१ मार्चला हिशोब संपतो. तेव्हा जे शिल्लक असेल ते वीज कंपनी तुमच्या बिलाच्या दरापेक्षा बऱ्याच कमी दराने घेते. स्थिर आकार तर भरावा लागतोच.

शेगडी_आणि_मी
गच्चीवरून यांची बाजू मला एका बाबतीत पटते. आमच्याकडे उरलेली वीज इंडक्शनवर वापरतो. सिलिंडर जवळपास दुप्पट दिवस जातो.

हिशोबनीस
तुमच्याकडे सौर आहे म्हणून ते परवडतं. नुसत्या बिलाच्या विजेवर इंडक्शन घेणाऱ्यांनी आधी गणित करावं. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट इतकी उष्णता असते. गॅसवर त्यातली साठेक टक्के भांड्याला मिळते, इंडक्शनवर पंच्याऐंशीच्या आसपास. म्हणजे एका सिलिंडरचं काम करायला इंडक्शनला १३० युनिट लागतील. बारा रुपयांनी ते दीड हजाराच्या वर गेले. सिलिंडर हजाराच्या आत मिळतोय तोवर शंभरच्या पुढे वापर असणाऱ्या घरात गॅसच स्वस्त. डाळ-तांदूळ भिजवून कुकरला एकाच वेळी डब्यांत लावणं, भांड्यावर झाकण ठेवणं, ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ न देणं, ही बचत मात्र कोणत्याही दरात खरी.

सांगलीची_सून
एक गोष्ट इथे कोणीच बोलत नाही म्हणून लिहिते. घरात काटकसर ठरते तेव्हा ती कोणाच्या वाट्याला येते? मिक्सर कशाला, खलबत्ता आहे. मशीन कशाला, चार कपडे तर आहेत. मी हे रोज ऐकलंय. पाचशे वॉटचा मिक्सर पाच मिनिटं चालला तर ०.०४ युनिट जातो, म्हणजे पन्नास पैसे. गार पाण्याने धुणाऱ्या मशीनची एक खेप पाव युनिटच्या आसपास. आणि हॉलमधला टीव्ही, कोणी बसलेलं नसताना फिरणारा पंखा, दुपारभर चालू राहिलेला गिझर, यांच्याकडे कोणी बोट दाखवत नाही.

बचत करायची तर मीटरसमोर उभं राहून मोजा, आणि बाईच्या कष्टाचे पैसे शून्य धरू नका. गच्चीवर पॅनेल लागले तर निदान मिक्सर लावताना कोणी टोकणार नाही, म्हणून माझं मत सौरच्या बाजूने.

नाशिकचं_रोहाउस
ताई, तुमचा मुद्दा मी मूळ लेखात घ्यायलाच हवा असा आहे. बचतीचा क्रम वॉट आणि तास यांवरून ठरला पाहिजे, काम कोण करतंय यावरून नाही. त्या हिशोबाने मिक्सर यादीत येतच नाही. पण गिझर येतो. वीस लिटर पाणी २५ अंशांवरून ४० वर न्यायला साधारण ०.३५ युनिट लागतो. चौघांच्या अंघोळी म्हणजे महिन्याला चाळीसेक युनिट, त्यातही टाकी तासन् तास गरम ठेवली तर आणखी. गच्ची असेल तर पॅनेलच्या आधी पाणी तापवणारा सौर बंब लावा, असं मी म्हणेन.

वऱ्हाडी_उन्हाळा
तुमचं नाशिक थंड, तिथे पंख्यावर वाद घालता येतो. आमच्याकडे अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ वर जातो, पंखा गरम हवाच फिरवतो. घरात आई-वडील सत्तरीचे. त्यांना बटण बंद ठेवायला सांगणं हा गुन्हा आहे, उष्माघाताने माणसं जातात.

आमच्या भागात खरा पैसा कूलर आणि एसीच्या फरकात आहे. कूलर दोनशे वॉटच्या आसपास, दीड टनाचा एसी दीड हजार. हवा कोरडी असल्याने कूलर चालतो, पाऊस पडला की निरुपयोगी. कोकणात तर घेऊच नये. स्लॅबवर मार्चअखेर चुन्याचे दोन हात दिले की वरच्या खोलीत हाताला फरक कळतो. एसी लावायचाच तर २४ वर ठेवून सोबत पंखा. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असं बीईई (केंद्र सरकारची ऊर्जा बचतीची संस्था) सांगते, आणि २०२० पासून नवे एसी सुरू होतानाच २४ वर येतात.
बाकी दुपारी कडक ऊन आणि दुपारीच एसीची गरज, मग सौर आमच्यासाठी आधी का नको?

गच्चीवरून
हेच म्हणत होतो. एकच उत्तर सगळ्या महाराष्ट्राला लावू नका.

नाशिकचं_रोहाउस
विदर्भासाठी मान्य. तिथे दोन्ही एकदम करावं. पण चुना पॅनेलच्या आधी लावा, नंतर खाली हात पोचणार नाही.

भाड्याचं_घर_पिंपरी
ज्यांना गच्चीच नाही त्यांचं काय? मी तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. मालकाने सब-मीटर बसवलाय, युनिटला सरसकट बारा रुपये घेतो, टप्पे वगैरे आम्हाला नाहीतच. दिवसा ९ ते ५ वापरावर सवलत देणारे नवे मीटर आले म्हणतात, ती सवलतही मालकाच्याच मीटरला. सौरची चर्चा आमच्यासाठी शून्य आहे.

हिशोबनीस
सरसकट बारा रुपये असतील तर वाचवलेला पहिला युनिटही बारा रुपयांचाच. म्हणजे पंख्याचा फायदा तुम्हालाही पुरेपूर. मालकाकडे मूळ बिलाची प्रत मागा, नवीन करार करताना दर लिहून घ्या.

नाशिकचं_रोहाउस
आणि पंखे स्वतःच्या पैशाने घेतले तरी ते तुमचेच राहतात. मालकाचे जुने काढून खोक्यात माळ्यावर ठेवा, फोटो काढून त्यांना पाठवा, घर सोडताना पुन्हा बसवून द्या. इलेक्ट्रिशियन एका पंख्याचे दीड-दोनशे घेतो. आधी झोपायच्या खोलीतला एकच बदला, तो सगळ्यात जास्त तास चालतो. सब-मीटरचं महिन्याचं रीडिंग आधी आणि नंतर लिहून ठेवलंत तर इथे टाका.